आकाशसेना

बायबलचा पहिला ग्रंथ ‘उत्पत्ती’ सृष्टीच्या निर्मितीचे वर्णन सहा दिवसांच्या क्रमाने करतो आणि त्या सबंध वर्णनात ताऱ्यांच्या वाट्याला मूळ हिब्रूत जेमतेम दोन शब्द येतात. चौथ्या दिवशी देव दोन मोठ्या ज्योती घडवतो, मोठीकडे दिवसाचा आणि धाकटीकडे रात्रीचा कारभार सोपवतो, आणि वाक्य संपता संपता, राहून गेलेले आठवावे तशी, ताऱ्यांचीही नोंद होते. सूर्य आणि चंद्र यांना तर तेथे नावानेही हाक मारलेली नाही. प्रकाश पहिल्याच दिवशी निर्माण झालेला आहे, गवत आणि फळझाडे तिसऱ्या दिवशी उगवलेली आहेत, म्हणजे सूर्य नसतानाही उजेड होता आणि पीकही होते. ज्योतींची नेमणूक त्यानंतर होते, तीही ऋतू, सण, दिवस आणि वर्षे मोजण्याच्या कामावर. हा क्रम आजच्या वाचकाला उलटा वाटतो, परंतु लिहिणाऱ्याने तो समजूनउमजून योजलेला दिसतो.

या अध्यायाला आजचे स्वरूप इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमारास आले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इ.स.पू. ५८६ मध्ये बॅबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले आणि यहूदा राज्यातील प्रतिष्ठित कुटुंबे बंदी म्हणून बॅबिलोनला नेली. ज्या देशात ती जाऊन पडली तेथे आकाश देवांनी भरलेले होते. बॅबिलोनच्या ‘एनूमा एलिश’ या सृष्टिकाव्यात मार्दूक हा देव थोर देवांसाठी आकाशात स्थाने नेमतो आणि तारे म्हणजे त्या देवांच्याच प्रतिमा ठरतात. मातीच्या विटांवर उमटवल्या जाणाऱ्या कीलाकार लिपीत देवाच्या नावाआधी जे चिन्ह काढत त्याचा मूळ आकारच ताऱ्याचा होता. सूर्य म्हणजे शमाश, चंद्र म्हणजे सीन, आणि शुक्राची चांदणी म्हणजे इश्तार ही देवी. विजेत्यांच्या या झगमगत्या देवसभेपुढे पराभूतांच्या लेखकाने मांडलेले आकाश विलक्षण रिकामे आहे. तेथे दिवे आहेत, देव नाहीत. ‘उत्पत्ती’तील ते दोन शब्द म्हणूनच वाटतात तितके निरुपद्रवी नाहीत.

अर्थात हा वाद केवळ परक्यांशी नव्हता. हिब्रू बायबलमध्ये, म्हणजे ज्याला ख्रिस्ती परंपरा ‘जुना करार’ म्हणते त्या ग्रंथसमूहात, ताऱ्यांसाठी ‘आकाशसेना’ असा शब्दप्रयोग वारंवार येतो आणि त्याला दोन बाजू आहेत. एका बाजूने ही सेना परमेश्वराची आहे, त्याच्या हुकमाने लढणारी आहे. ‘शास्ते’ या ग्रंथातील दबोराचे विजयगीत हा हिब्रू काव्याचा अतिशय जुना नमुना मानला जातो. त्यात तारे आपापल्या कक्षेतून सीसरा या शत्रुसेनापतीशी युद्ध करतात आणि खाली कीशोन नदी त्याच्या सैन्याला वाहून नेते. दुसऱ्या बाजूने, सेनापतीला सोडून सेनेलाच नमस्कार घालणारे भक्त यहूदातच घरोघर होते. यिर्मया आणि सफन्या हे संदेष्टे घरांच्या गच्च्यांवर आकाशसेनेसाठी धूप जाळणाऱ्यांची निर्भर्त्सना करतात. सपाट छपराची घरे असलेल्या त्या मुलुखात आकाशाच्या सर्वांत जवळची जागा तीच होती. मनश्शे राजाने तर प्रत्यक्ष मंदिराच्या आवारात या सेनेसाठी वेद्या बांधल्या. त्याचा नातू योशीया याने इ.स.पू. ६२२ च्या सुमारास ती सारी सामग्री किद्रोन नाल्याकडे नेऊन जाळली आणि सूर्याला अर्पण केलेले घोडे मंदिराच्या दारातून हटवले, असे राजांच्या इतिहासात नमूद आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथातील बंदी याच संघर्षातून आलेली आहे. मान वर करून सूर्य, चंद्र आणि तारे पाहाल तेव्हा मोहाने त्यांच्या पाया पडू नका, असे तेथे बजावले आहे, आणि पुढे एक चमत्कारिक पुस्ती जोडली आहे की, या ज्योती परमेश्वराने इतर राष्ट्रांना वाटून दिलेल्या आहेत. इतरांच्या वाट्याला तारे, इस्राएलच्या वाट्याला स्वतः परमेश्वर, अशी ही वाटणी.

पराभूत बाजूचे म्हणणे धर्मग्रंथांत सहसा उरत नाही. येथे ते उरले आहे. यिर्मयाच्या ग्रंथात ‘आकाशाची राणी’ या देवतेच्या पूजेचे वर्णन आहे, जिला अनेक अभ्यासक इश्तारशी किंवा तिच्यासारख्या शुक्रदेवतेशी जोडतात. मुले लाकूडफाटा गोळा करतात, बाप जाळ पेटवतात, बायका कणीक मळून राणीसाठी पोळ्या करतात, असे ते अख्ख्या कुटुंबाचे व्रत आहे. जेरुसलेम पडल्यावर इजिप्तमध्ये पळून गेलेल्या लोकांना यिर्मया याबद्दल खडसावतो तेव्हा बायका आणि त्यांचे नवरे त्याला तोंडावर उत्तर देतात: राणीची पूजा चालू होती तोवर घरात खायला मुबलक होते, ती थांबवल्यापासूनच तलवार आणि दुष्काळ पाठीशी लागला. संदेष्ट्याने इतिहासाचा जो अर्थ लावला त्याच्या नेमका उलटा अर्थ हे लोक लावतात, आणि ग्रंथाने तो जसाच्या तसा नोंदवून ठेवला आहे.

देवपण काढून घेतल्यावर ताऱ्यांचे तेज मात्र कोणी नाकारले नाही. स्तोत्रांत देव ताऱ्यांची गणती करतो आणि प्रत्येकाला नावाने ओळखतो. यशयाच्या ग्रंथात तो त्यांना हजेरीसाठी बोलावतो आणि एकही गैरहजर राहत नाही. ‘ईयोब’ हा ग्रंथ तर ताऱ्यांच्या बाबतीत सर्वांत श्रीमंत आहे. निरपराध असून यातना भोगणारा ईयोब देवाला जाब विचारतो, आणि वादळातून येणारे देवाचे उत्तर प्रतिप्रश्नांच्या रूपात येते: ‘कीमा’ला बांधणे किंवा ‘कसील’चे बंध सोडणे तुला जमेल काय, ‘आयिश’ला तिच्या पिलांसह चालवत नेशील काय. या नावांची ओळख परंपरेने अनुक्रमे कृत्तिका, मृग नक्षत्र आणि सप्तर्षी अशी लावली आहे. पहिल्या दोहोंबद्दल बरीच एकवाक्यता आहे, तिसऱ्याबद्दल मतभेद आहेत. पृथ्वीचा पाया घातला गेला तेव्हा पहाटेच्या ताऱ्यांनी मिळून गाणे गायिले, असेही त्याच भाषणात म्हटले आहे. तारे येथे मानवाआधीचे साक्षीदार आहेत. माणसाच्या दुःखाचे कारण मात्र त्यांच्याकडे नाही. ईयोबच्या मित्रांनी त्याच्या विपत्तीची नाना कारणे शोधली, पण ग्रहदशेचे नाव एकानेही काढलेले नाही.

ग्रहदशेचा प्रश्न पुढे यहुदी विद्वानांपुढे उभा राहिला आणि त्यासाठी निमित्त झाले अब्राहामाचे. ‘उत्पत्ती’च्या पंधराव्या अध्यायात निपुत्रिक, वयोवृद्ध अब्राहामाला देव तंबूबाहेर आणतो आणि तारे मोजता येत असतील तर मोज, तुझी संतती इतकी होईल, असे सांगतो. साध्या वाचनात तारे येथे केवळ अगणित संख्येचे प्रमाण आहेत, जसे पुढे त्याच वचनात समुद्रकाठच्या वाळूचे कण येतात. परंतु तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी धर्मशास्त्रावरील चर्चांच्या त्या अवाढव्य संग्रहात, या ‘बाहेर आणण्या’चा वेगळाच अर्थ लावला आहे. अब्राहाम म्हणतो की, आपण आपली पत्रिका पाहिली आणि तीत पुत्रयोग नाही. त्यावर देव त्याला त्या ज्योतिषातूनच बाहेर पडायला सांगतो आणि विचारतो, गुरू पश्चिमेला आहे एवढीच अडचण ना, तर तो उचलून पूर्वेला ठेवतो. गुरुबळ पाहून मुहूर्त काढणाऱ्या समाजातील वाचकाला या संवादातील खोच वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या चर्चेत तिसऱ्या शतकातील दोन विद्वान आमनेसामने आहेत. रब्बी हनीना यांच्या मते शहाणपण आणि संपत्ती ग्रहांमुळेच येते आणि इस्राएलही त्यांच्या अमलाखाली आहे. रब्बी योहानान यांच्या मते इस्राएलवर कोणत्याही ग्रहाची सत्ता नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ग्रहांना काही कळत नाही असे दोघांपैकी कोणीच म्हणत नाही. योहानान यांच्या बाजूने दिलेली रब्बी अकिवा यांच्या मुलीची गोष्ट तर हेच दाखवते. लग्नाच्या दिवशी तिला साप चावून ती मरेल, असे ज्योतिष्यांनी सांगितलेले असते. त्या रात्री ती आपली टाचणी काढून भिंतीच्या फटीत खोचते आणि सकाळी ओढून काढते तेव्हा तिच्यासोबत मेलेला साप बाहेर येतो. टाचणी नेमकी त्याच्या डोळ्यात घुसलेली असते. काल काय केलेस, असे बाप विचारतो, तेव्हा कळते की, लग्नाच्या जेवणावळीच्या गडबडीत दाराशी आलेल्या भिकाऱ्याची हाक कोणी ऐकली नव्हती आणि तिने उठून स्वतःच्या वाट्याचे ताट त्याला दिले होते. साप आलाच होता, म्हणजे ज्योतिषी खोटे नव्हते. त्यांच्या वर दुसरी सत्ता होती, एवढेच.

ही दुहेरी वृत्ती दगडातही उतरली आहे. १९२८ च्या अखेरीस आजच्या इस्राएलमधील बेथ अल्फा येथे पाटाचे खोदकाम चालू असताना सहाव्या शतकातील एका सिनेगॉगची, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिराची, रंगीत खड्यांची फरशी हाती लागली. तिच्या मधोमध चार घोड्यांच्या रथात सूर्य बसलेला आहे आणि त्याच्याभोवती मेषेपासून मीनेपर्यंत बारा राशी हिब्रू नावांसह फेर धरून आहेत. या राशी मराठी पंचांगातल्याच आहेत, कारण बॅबिलोनमध्ये तयार झालेले हे राशिचक्र ग्रीकांमार्फत एकीकडे पॅलेस्टाइनला आणि दुसरीकडे भारतात पोहोचले. योशीयाने ज्या सूर्यरथाचे सामान जाळले तो बाराशे वर्षांनी प्रार्थनामंदिराच्या फरशीवर परत आला होता. मृत समुद्राकाठच्या एन गेदी येथील सिनेगॉगने मात्र राशींची चित्रे न काढता नुसती नावेच लिहिली. तेथील मंडळी जास्त सावध असावीत.

रोजच्या धर्माचरणात ताऱ्यांचे काम ‘उत्पत्ती’ने नेमून दिले तेच, म्हणजे घड्याळाचे, राहिले. सायंप्रार्थनेची वेळ तारे दिसण्यावरून ठरते आणि तीन तारे दिसले की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिन, संपतो. कोकणातील बेने इस्राएल समाज घाणा चालवून तेल काढीत असे आणि शनिवारी काम बंद ठेवी, म्हणून गावोगाव ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला जाई. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या ताऱ्यांपर्यंतचा हा खाडा शेजाऱ्यांच्या लेखी त्यांची जातच ठरला.

ताऱ्याला राजाचा अर्थ मिळाला तो ‘गणना’ या ग्रंथात, आणि तोही एका परक्याच्या तोंडून. मवाबचा राजा बालाक इस्राएलला शाप देण्यासाठी बलाम नावाच्या द्रष्ट्याला पैसे देऊन बोलावतो. बलामाच्या तोंडून शापाऐवजी आशीर्वादच निघतात आणि अखेर तो याकोबाच्या वंशातून तारा व राजदंड उदयाला येण्याचे भाकीत करतो. हा बलाम बायबलबाहेरही भेटतो: जॉर्डनमधील देर अल्ला येथे १९६७ मध्ये सापडलेल्या, इ.स.पू. आठशेच्या सुमारास भिंतीच्या गिलाव्यावर शाईने लिहिलेल्या मजकुरात बौराचा पुत्र बलाम हा देवांचा द्रष्टा म्हणून आलेला आहे. त्याच्या ताऱ्यावरून पुढे रक्त सांडले. इ.स. १३२ मध्ये यहुदींनी रोमन सम्राट हेड्रियनविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्याचा पुढारी शिमोन बार कोसिबा याला रब्बी अकिवांनी तोच तारा मानले आणि तो ‘बार कोखबा’, म्हणजे ताऱ्याचा पुत्र, झाला. अकिवांच्या एका समकालीनाने त्यांना सुनावले की, तुमच्या गालांवर गवत उगवेल तरी दाविदाचा पुत्र, म्हणजे मसीहा, आलेला नसेल. १३५ मध्ये उठाव चिरडला गेला आणि पुढच्या पिढ्यांनी त्याच नावात किंचित बदल करून त्याला ‘असत्याचा पुत्र’ म्हटले. यहूदियाच्या वाळवंटातील गुहांत विसाव्या शतकाच्या मध्यात सापडलेल्या त्याच्या पत्रांत तो साधा बार कोसिबाच आहे, आणि ऐन युद्धात मांडवांच्या सणासाठी झावळ्या आणि महाळुंगे पाठवण्याचे हुकूम सोडत आहे.

आज यहुदी धर्माची खूण समजली जाणारी षट्कोनी तारका या साऱ्यात कोठेही नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. तिचा बायबलमध्ये उल्लेख नाही, ‘दाविदाची ढाल’ हे तिचे नाव प्राचीन प्रार्थनांत देवाचे बिरुद म्हणून येते, आणि एखाद्या यहुदी वस्तीची अधिकृत खूण म्हणून ती ठळकपणे दिसते ती चौदाव्या शतकातील प्रागमध्ये. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगचे नावही या ढालीवरूनच आहे.

नव्या करारातील सर्वांत प्रसिद्ध तारा चार शुभवर्तमानांपैकी फक्त एकात, मत्तयाच्या ग्रंथात, आहे. लूकने सांगितलेल्या येशूच्या जन्मकथेत मेंढपाळ आणि देवदूत आहेत, तारा नाही. मत्तयाच्या कथेत पूर्वेकडून ‘मागी’ येतात. मूळ अर्थाने हे इराणमधील पुरोहित, पण त्या काळी ज्योतिषी आणि मांत्रिकांनाही तेच नाव होते. ते किती होते हे मत्तय सांगत नाही. भेटी तीन म्हणून माणसे तीन, आणि पुढे ते राजेही झाले. गोव्यात रेइश मागूश, चांदोर आणि काणसावली येथे ६ जानेवारीला साजरे होणारे तीन राजांचे फेस्त याच परंपरेतले आहे, आणि रेइश मागूश या गावाचे नावच मुळी त्यांचे आहे.

कथेचा बारकाईने विचार केला तर तारा त्यांना थेट बेथलेहेमला नेत नाही, हे ध्यानात येते. ते पोहोचतात जेरुसलेमला, हेरोद राजाच्या दारी, आणि जन्मस्थळाचा पत्ता मिळतो तो मीखा संदेष्ट्याच्या जुन्या वचनातून. त्यानंतरच तारा पुन्हा दिसतो आणि घरावर येऊन थांबतो. म्हणजे आकाशाने अर्धी वाट दाखवली आणि उरलेली शास्त्राने. त्याहून बोचरी गोष्ट अशी की, शास्त्र ज्यांना पाठ आहे ते जेरुसलेमचे पंडित जागचे हलत नाहीत आणि ज्यांची विद्या त्या शास्त्राने हास्यास्पद ठरवली ते ज्योतिषी गुडघे टेकतात. आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांना ही अवघड जागा कळत होती. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नेशियस लिहितो की, या ताऱ्याने सर्व जादूटोण्याचा अंत केला; चौथ्या शतकातील योहान क्रिसोस्तोम तर तो तारा नव्हताच, ताऱ्याच्या रूपातील अदृश्य शक्ती होती, असे प्रतिपादन करतो, कारण कोणताही तारा उत्तरेकडून दक्षिणेकडे चालत नाही, भर दिवसा दिसत नाही आणि एका घरावर येऊन थांबत नाही.

तरीही तो तारा कोणता होता याचा शोध थांबला नाही. चित्रकार जोत्तोने १३०५ च्या सुमारास पादुआ येथील भित्तिचित्रात गोठ्यावर धूमकेतू रंगवला. १३०१ मध्ये हॅलेचा धूमकेतू युरोपभर दिसला होता. १६०४ मध्ये आकाशात नवा तारा प्रकटला, त्याआधी गुरू-शनीची युती झाली होती, आणि दोन्ही पाहणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ केप्लरने मागे गणित करून इ.स.पू. ७ मध्ये मीन राशीत तीच युती तीनदा झाल्याचे दाखवले व तिच्यामागोमागही असाच नवा तारा उगवला असावा, असा तर्क केला. हेरोदाचा मृत्यू इ.स.पू. ४ मधला मानला जातो, तेव्हा काळ जुळतो. परंतु त्या युतीत दोन ग्रहांमध्ये सुमारे एक अंशाचे, म्हणजे चंद्रबिंबाच्या दुपटीचे, अंतर होते, त्यामुळे त्यांचा मिळून एक तारा दिसणे शक्य नव्हते. चिनी नोंदींत इ.स.पू. ५ मध्ये सत्तर दिवसांहून अधिक काळ दिसलेला ‘झाडू-तारा’ही आहे. या साऱ्या उमेदवारांचा दोष एकच: जेरुसलेममध्ये तो कोणाच्याही लक्षात आला नव्हता, असे मत्तयाच्या कथेत गृहीत आहे. मत्तयाला खगोलीय नोंद करायची नसून बलामाचा तारा उगवला हे सांगायचे होते, असे मानणे अधिक सरळ आहे; इतरत्र पावलोपावली जुनी वचने उद्धृत करणाऱ्या मत्तयाने नेमके हेच वचन का घेतले नाही, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

शुक्राच्या चांदणीचे नशीब सर्वांत विचित्र निघाले. यशयाच्या चौदाव्या अध्यायात बॅबिलोनच्या राजाची खिल्ली उडवली आहे: पहाटेचा पुत्र असलेला हा तेजस्वी तारा देवाच्या ताऱ्यांहून उंच सिंहासन मांडू पाहत होता आणि थेट मृतांच्या लोकात कोसळला. सूर्योदयापूर्वी झळकणारा आणि उजाडताच दिसेनासा होणारा शुक्र यामागे आहे. जेरोमने चौथ्या-पाचव्या शतकाच्या संधीवर केलेल्या लॅटिन भाषांतरात येथे शुक्राचे रोजचे लॅटिन नाव ‘लुसिफर’ आले. ओरिजेनसारख्या धर्मपंडितांनी त्याआधीच ही कविता सैतानाच्या पतनाशी जोडली होती, आणि हळूहळू एका राजाची थट्टा म्हणजे सैतानाचे चरित्र झाले. वास्तविक चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावर लुसिफर नावाचे एक बिशप होते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. ‘प्रकटीकरण’ या बायबलच्या अखेरच्या ग्रंथात तर ख्रिस्त स्वतःलाच पहाटेचा तेजस्वी तारा म्हणवतो.

‘प्रकटीकरण’ पहिल्या शतकाच्या अखेरीस, सम्राट डोमिशियनच्या काळात लिहिले गेले, असे सामान्यतः मानतात. पात्म बेटावर ग्रंथकर्त्या योहानाला झालेल्या पहिल्या दर्शनात पुनरुत्थित ख्रिस्ताच्या उजव्या हातात सात तारे आहेत आणि ते आशियातील सात मंडळ्यांचे दूत होत, असा खुलासाही तेथेच आहे. हे चित्र वाचणाऱ्यांच्या खिशातही असू शकत होते. डोमिशियनचा मुलगा लहानपणीच वारला, तेव्हा सम्राटाने त्याला देव ठरवले आणि इ.स. ८२-८३ च्या सुमारास काढलेल्या नाण्यांवर तो बाळ पृथ्वीच्या गोलावर बसून भोवतालच्या सात ताऱ्यांकडे हात पसरताना दाखवला. तेच सात तारे दुसऱ्याच्या मुठीत आहेत असे लिहिणे त्या काळी राजद्रोह ठरू शकत होते. पुढे याच ग्रंथात तारे वाऱ्याने हललेल्या झाडाच्या कच्च्या अंजिरांप्रमाणे गळतात, एक तारा नद्यांचे पाणी कडू करतो, आणि अजगर शेपटीच्या फटकाऱ्याने ताऱ्यांचा तिसरा हिस्सा खाली ओढतो. आकाशसेनेची अशी वाताहत जुन्या करारात दानीएलाच्या दृष्टान्तातही आहे. अत्याचारी राजा किती माजला हे सांगण्याची ती रीत होती.

याच अजगरापुढे सूर्य पांघरलेली, पायांखाली चंद्र आणि मस्तकी बारा ताऱ्यांचा मुकुट असलेली गर्भवती स्त्री उभी आहे. पहिल्या वाचकांना ही जुळणी ओळखीची असणार, कारण ‘उत्पत्ती’त याकोबाचा मुलगा योसेफ याला स्वप्न पडते त्यात सूर्य, चंद्र आणि अकरा तारे, म्हणजे आईबाप आणि अकरा भाऊ, त्याला नमस्कार करतात, बारावा तो स्वतः, आणि बारा भाऊ म्हणजे इस्राएलचे बारा वंश. आरंभीच्या भाष्यकारांनी ती स्त्री म्हणजे देवाची प्रजा मानली. मध्ययुगात ती येशूची माता मारिया ठरत गेली, आणि स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को पाचेको याच्या १६४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रकलेवरील ग्रंथाने निष्कलंक मारियेच्या चित्रात मस्तकाभोवती बारा तारे काढण्याचा दंडक घालून दिला. स्पेन आणि पोर्तुगालच्या कारागिरांबरोबर ते तारे समुद्रापार गेले, आणि गोव्या-वसईकडच्या चर्चमधून मारियेच्या मूर्तीवर ताऱ्यांचे कडे दिसते ते याकोबाच्या त्या बारा मुलांचे आहे.